दाणा दिसला का, माय

मामा, अक्षर लागलं नाही तर रागावू नका. चौथीनंतर मी लिहिलं ते निगेटिव्हच्या पाकिटांवर, माणसाचं नाव आणि गावाचं नाव, एवढंच. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं ते तेव्हाही मला कळत नव्हतं. तुम्ही म्हणायचात, नाव वाचता आलं की झालं. त्यातून हे पेन्सिलनं लिहिते आहे, वाया गेलेल्या फोटोपेपरच्या मागच्या बाजूला. पेन दाबलं तर पुढच्या बाजूला वळ उमटतो ही तुमचीच शिकवण. पुढची बाजू आता कुणी बघणार नाही, तरी पेन हातात घ्यायला धजत नाही. कागद गुळगुळीत आहे, पेन्सिल घसरते, ओळी खाली उतरत जातात. चुका पोटात घाला.

मन एका जागी बसत नाही. पाहुणे गेले, सतरंज्या झटकून झाल्या, मोठी भांडी ज्याची त्याला परत गेली. आता काम नाही आणि हात थांबत नाहीत. सकाळपासून डार्करूममध्ये कितीदा तरी जाऊन आले. लाल दिवा लावते, बंद करते. ट्रे धुतलेले आहेत ते पुन्हा धुते. मधेच वाटतं, फोकस लावताना विचारायचात तसं तुम्ही मागून विचाराल, "दाणा दिसला का, माय?" मग बाहेर येते.

मी रेणापूरहून लग्न होऊन इथं नांदेडला आले तेव्हा तुमच्यासमोर पदर कपाळाच्या खालपर्यंत असायचा. तुम्ही पुढच्या दारानं आलात की मी मागच्या दारानं जायची. चहा द्यायचा तर दाराशी ठेवून कडी वाजवायची. तुम्हाला काही सांगायचं असलं तर ते सासूबाईंना सांगायचं, त्या तुम्हाला सांगायच्या. तुमचं उत्तर मी ऐकलेलं असायचं, तरी त्या तेच परत मला सांगायच्या. आपण दोघंही मान हलवायचो. सासूबाई गेल्या आणि आपल्यात निरोप न्यायला दुसरी बाई उरली नाही. घरात दोन माणसं मुकी झाल्यासारखी झाली.

मग डार्करूमचा माणूस काम सोडून गेला. तुम्ही जेवताना तुमच्या लेकाला मोठ्यानं म्हणालात, आत पाणी बदलायला कुणीतरी लागतंय. लेक तुमच्यासमोरच बसला होता, मोठ्यानं बोलायचं काही कारण नव्हतं. ते मला ऐकवण्यासाठी होतं हे मला कळलं. दुसऱ्या दिवशी मी आत आले. आल्या आल्या माझा पदर औषधाच्या ट्रेमध्ये बुडाला.

तुम्ही म्हणालात, "खोच तो कमरेला, माय. हितं लाल उजेडात कोण सासरा अन् कोण सून, समदे सारखेच लाल."

माझ्याशी सरळ बोललेलं ते तुमचं पहिलं वाक्य. मी हसले आणि ते लपवायला तोंड फिरवलं, पण तिथं लपवण्यासारखं काही दिसतच नव्हतं. मी बोलायला तिथंच शिकले. आधी हो नाही. मग प्रश्न. मग वाद. बाहेर आलं की पुन्हा पदर, पुन्हा दाराची कडी. आत सुरू झालेला वाद आतच राहायचा, रात्रभर तसाच अडकून, आणि दुसऱ्या दिवशी दार लागलं की जिथं सोडला तिथून पुढं. एवढी वर्षं तसं चाललं. शेवटचा वाद मात्र आतच अडकून राहिला आहे. तो कुणाशी पुढं न्यायचा ते कळत नाही, म्हणून लिहायला बसले.

वाद लेन्सचाच. दुसरा कशाचा असणार.

आपल्या फोटो मोठे करायच्या एनलार्जरला पहिल्यापासून जी लेन्स होती ती लहान फोटोला गुणाची होती. पोस्टकार्डाएवढा फोटो करा, नाव ठेवायला जागा नाही. पण अडीच फुटाचा फोटो करायला निघालो, एनलार्जरचं डोकं टेबलाच्या बाहेर वळवून जमिनीवर उजेड पाडला, मागं तोल सांभाळायला माझा मसाल्याचा पाटा ठेवला, की त्या लेन्सचं खरं रूप कळायचं. मधे चेहरा बरा यायचा. कडेला मात्र सगळं विरघळल्यासारखं. मी म्हणायची, मामा, लेन्सचं तोंड दोन खटके बंद करा, कडा सुधारतात. तुम्ही म्हणायचात, दोन खटके बंद केले की चौपट वेळ लागतो, तेवढ्यात लाईट गेली तर एवढा मोठा पेपर वाया, आणि पेपर हैदराबादहून येतो. तेही खरंच होतं. उन्हाळ्यात आपल्याकडं लाईटचा काय भरवसा. म्हणून लेन्स पूर्ण उघडी ठेवून पटकन उरकायचं ही तुमची रीत पडली होती.

पण तेवढंच कारण नव्हतं. मी फार मागं लागले की तुम्ही दुसरं सांगायचात. "थोडं मऊच बरं, माय. मेल्या माणसाच्या तोंडाकडं इतकं टोकरून बघू न्हाई."

आपल्याकडं मोठे फोटो तसलेच यायचे. लोकांच्या फोनमध्ये आजी असते ती म्हातारपणाची, पलंगावरची. ती गेली की त्यांना तरुणपणाची आजी हवी असते, आणि ती आपल्याकडच्या पत्र्याच्या पेट्यांत असते, चौकोनी निगेटिव्हमध्ये, माझ्या वाकड्या अक्षराच्या पाकिटात. गाव सांगा, नाव सांगा, मी काढून देते.

अर्धापूरची ती म्हातारी तुम्हाला आठवत असेल. केळीच्या मळेवाल्यांच्या घरातली, बहिणीचा मोठा फोटो करायला आलेली. आपण फोटो केला, तुमच्या रीतीनं, मऊ. तिनं तो खिडकीशी नेला आणि बहिणीच्या हनुवटीवर बोट फिरवायला लागली. फिरवतच राहिली. मग म्हणाली, हिला हितं तीन ठिपके होते गोंदलेले. गोंदताना मीच हिच्या शेजारी बसले होते, हात धरून. फोटोत तीन ठिपक्यांचा एक डाग झाला होता. तुम्ही म्हणालात, थांबा मावशी, ब्रशनं काढून देतो. एकदम बारीक, हुबेहूब. तुमचा हात तसा होताच.

ती म्हणाली, "तू काढलेले ठिपके घेऊन मी काय करू, बाबा. ही ती नव्हं."

पैसे देऊन गेली, फोटो ठेवून गेली. त्या दिवशी मला आत बसवेना. पुढं कितीतरी दिवस मी एकच धोशा लावला होता. चांगली लेन्स पाहिजे. सहा काचांची. तुम्ही वैतागून म्हणालात, "लेन्स लेन्स करून राहिलीस, कामून? म्हातारी काय परत यायची हाय का?" ती आली नाही. पण लातूरला एक जुना स्टुडिओ बंद होतोय असं कळलं तेव्हा तुम्हीच म्हणालात, चल, बघून येऊ.

तो एसटीचा प्रवास मी विसरणार नाही. बाहेर होतो म्हणून बोलायचं नव्हतं. तुम्ही पुढच्या बाकावर, मी मागच्या. लातूर येईपर्यंत मी तुमच्या टोपीची शिवण बघत बसले होते.

दुकानदारानं दोन लेन्स फडक्यावर मांडल्या. एक लहान, पन्नास मिलिमीटरची. एक मोठी, ऐंशीची. पन्नासची स्वस्त होती आणि तो तिचंच कौतुक सांगत होता. काका, हीच घ्या, त्याच उंचीवरून फोटो कितीतरी मोठा पडतोय, छत बुटकं असलं तरी काळजी नको. तुमचे डोळे चमकले. आपलं छत खरंच बुटकं, जमिनीवर उजेड पाडायचा म्हणजे दर वेळी ते टेबल ओढणं, तो पाटा, ते वाकणं. तुम्ही खिशाकडं हात नेला. बुरशी हाय का बघ म्हणून लेन्स माझ्या हातात दिली. मी ती उजेडाकडं धरली. बुरशी नव्हती, ओरखडा नव्हता. पण ती लेन्स लहान फिल्मसाठी केलेली. आपल्या चौकोनी निगेटिव्हला ती पुरणार नव्हती. तुम्हाला हे माहीत नव्हतं असं नाही, मला तुम्हीच शिकवलं होतं. त्या छताच्या नादात तुम्ही विसरला होतात.

मी घाबरले होते. दिवसाउजेडी, परक्या माणसासमोर, तुमच्यासमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं. कुणाकरवी सांगावं तर कुणी नव्हतं.

"मामा," मी म्हटलं, "कोपरे काळे येतील."

दुकानदार पदराआडून कोण बोललं ते वाकून बघायला लागला. तुम्ही मागं वळला नाहीत. त्यालाच म्हणालात, "ऐकलं न्हवं? माझा मिस्त्री काय म्हणतोय ते."

ऐंशीच्या लेन्सचे पैसे आपल्याकडं नव्हते. रिकाम्या हातानं परत आलो. एसटीत पुन्हा तुम्ही पुढं, मी मागं. तुम्ही एकदा मान मागं वळवून माझ्याकडं बघितलंत आणि लगेच पुढं बघायला लागलात. त्या बघण्यावर मी कितीतरी दिवस काढले.

मग मी बचत गटातून पैसे उचलले. गटाच्या अध्यक्षा सुलोचनाबाईंनी विचारलं, कशाला पाहिजेत, शिलाई मशीनला का? मी म्हटलं, भिंगाला. त्या म्हणाल्या, चष्म्याला एवढे पैसे लागतात होय गं? मला समजावून सांगता येईना, मी हो म्हटलं. अजून त्या माझ्या डोळ्यांची चौकशी करतात.

ऐंशीची लेन्स घरात आली तेव्हा तुम्ही चिडलात ते किती चिडलात. सुनेच्या कर्जाची लेन्स माझ्या एनलार्जरला लागायची न्हाई, म्हणालात. फडक्यात गुंडाळलेली ती लेन्स फळीवर पडून होती आणि आपण जुन्या लेन्सवर, लाल उजेडात, एकमेकांशी न बोलता काम करत होतो. बाहेरचं मुकेपण आत आलं, त्याची मला भीती वाटली होती. मग एक दिवस तुम्ही आपणहून ती फळीवरून काढलीत आणि नियम सांगितलात. हिचे हप्ते हिनंच फेडायचे. हिच्यातून झालेल्या फोटोचेच पैसे गटात जातील, दुसरा रुपया नाही. आणि फोटो घरच्याचा असला तरी पैसे घ्यायचे, कारण फुकटचा फोटो भिंतीवर राहत नाही.

नवी लेन्स तपासायला नवी निगेटिव्ह हवी होती. मागच्या गल्लीत ती गिलावा न केलेली विटांची भिंत होती. भिंतीचा फोटो समोरून काढायचा, विटांच्या रेघा चारी कोपऱ्यांपर्यंत सरळ आणि तिखट आल्या की लेन्स बरी. कॅमेरा तुम्ही तिवईवर लावलात. मग म्हणालात, नुसत्या विटा कशाला वाया घालवायच्या, मधी माणूस उभा करू. आणि स्वतःच जाऊन उभे राहिलात. आयुष्यभर लोकांचे फोटो काढले आणि स्वतःचा एक काढू दिला नाहीत, ते तुम्ही विटांची सोबत म्हणून उभे राहिलात. पांढरा सदरा, खिशाला पेन, टोपी काढून हातात. "फोकस तूच कर," म्हणालात. मी केला. आपण पेपरच्या पट्ट्या कापल्या, चार कोपऱ्यांना चार आणि मधे एक. पूर्ण पेपर वाया घालवायचा नाही. चारी पट्ट्यांवर विटा आल्या, चुन्याचा कण न् कण दिसत होता. मधल्या पट्टीवर तुमचं पेन आलं. तोंड कुठल्याच पट्टीत आलं नाही. तुम्ही पट्ट्यांवरून बोट फिरवलंत आणि "बरी हाय" म्हणालात. मी एवढी फुलून बसले होते आणि तुम्ही नुसतं बरी हाय.

पण पुढं गिऱ्हाइकाला तुम्हीच विचारायला लागलात, मऊ पाहिजे का टोकदार? गिऱ्हाईक गोंधळलं की म्हणायचात, आत मिस्त्री हाय, त्याला विचारा. हप्ते फिटत गेले. एक तेवढा राहिला होता आणि तुम्ही गेलात.

आत्ता उठून दार लावलं का ते बघून आले. लावलेलंच होतं.

तुमच्या लेकानं तुमच्या फोटोसाठी आधार कार्ड काढलं. पुढच्या दुकानात कॉम्प्युटर आहे, झेरॉक्सच्या शेजारी, त्याच्यावर मोठा करतो म्हणाला. पडद्यावर तुम्ही आलात, दचकल्यासारखे, कुणीतरी अंगावर ओरडल्यासारखे. वर माडीवर सगळे पाहुणे बसलेले. तुमच्या बहीण, इस्लापूरच्या आत्या, भिंतीला टेकून. तुमचा लेक सगळ्यांना विचारत होता, चालंल का हा, आणि सगळे मान हलवत होते. मी दाराआड होते. मला वाटलं, पुन्हा लातूर.

मी आत गेले आणि म्हटलं, "फोटो मी करते. निगेटिव्ह आहे."

सगळ्यांनी माना वळवल्या. आत्या म्हणाल्या, "अगं बाई, हिला तोंड हाय का." एवढ्या रडण्यात दोघीतिघी हसल्या. तुमच्या लेकानं माझ्याकडं बघितलं, लातूरच्या एसटीत तुम्ही बघितलं होतं तसंच, आणि आधार कार्ड खिशात ठेवलं.

आता लेन्स कोणती लावायची? तुम्ही असता तर जुनी म्हणाला असता. मी नवी म्हटलं असतं. तुम्ही नाही म्हणून माझंच खरं करायचं का? आणि तुम्ही नाही म्हणूनच तुमचं ऐकायचं, तर मग एवढी वर्षं भांडले कशाला?

तुमचा मान म्हणून आधी जुनी लावली. जमिनीवर तुम्ही पडलात, उलटे, पांढऱ्याचं काळं झालेले. निगेटिव्हचं तोंड वाचायची सवय तुम्हीच लावलीत. मऊ दिसत होतात. कुणावर कधी न चिडलेले. मला बघवत होतं. बराच वेळ बघत बसले. मग नवी लावली.

हनुवटीखाली दाढीचे दोनतीन खुंट राहिलेले होते, रोज राहायचे तिथंच. कपाळावर टोपीचा वळ. फिल्मचा दाणा बघायचं भिंग मी तुमच्या डोळ्यांवर आणलं, कारण फोकस नेहमी डोळ्यांवर करायचा. निगेटिव्हमध्ये बाहुली लख्ख पांढरी दिसायला हवी. डावी तशी होती. उजवी राखाडी होती. मला धूळ वाटली. निगेटिव्ह काढून ब्रश फिरवला, पुन्हा लावली. राखाडीच. पुन्हा पुसली. मग पेपरची एक लहान पट्टी ठेवून काढली आणि ट्रेमध्ये बुडवली. तुमचा एक डोळा काळाभोर आला आणि दुसऱ्यात धुकं.

मोतीबिंदू होता, मामा. पिकलेला. कधीपासून?

ट्रेच्या काठाला धरून उभी राहिले. दाणा दिसला का, माय. एवढी वर्षं मला वाटलं, तुम्ही माझी परीक्षा घेता. फोकस तूच कर. बुरशी बघ. पाकिटावर नाव तू लिही, आणि वाचूनही तूच दाखव. मला वाटलं, सुनेला शिकवताय. आता मागचं काहीच जागेवर राहिलं नाही. मऊच बरं म्हणायचात ते मेलेल्यांच्या भल्यासाठी म्हणायचात, का तुम्हाला दोन्ही लेन्स सारख्याच दिसायच्या म्हणून? पट्ट्यांवर बोट फिरवून बरी हाय म्हणालात, तेव्हा तुम्हाला विटा दिसल्या होत्या का? मी कुणाशी भांडत होते, तुमच्याशी का तुमच्या डोळ्याशी? आणि एका दिवसाचं ऑपरेशन, डोळ्यांच्या शिबिराची गाडी गल्लीच्या तोंडाशी येते. एक शब्द बोलला असता तर मी तुम्हाला हाताला धरून नेलं असतं, पदर वगैरे सगळं गुंडाळून ठेवून. मला तुमचा राग आला. तुमच्या फोटोसमोर उभी राहून मी तुमच्यावर चिडत होते आणि वर लोक तुमच्यासाठी रडत होते.

राग उतरला आणि पुन्हा लेन्सचाच प्रश्न. नवी लावली तर तुम्ही लपवलेलं सगळ्यांना दिसणार. जुनी लावली तर कुणाला काही कळणार नाही, तुम्ही मऊ, चांगले. शिवाय ब्रश होताच. बाहुलीवर काळ्या रंगाचा एक ठिपका, कुणालाही ओळखू आला नसता. मी ब्रश जिभेवर ओला केलासुद्धा. मग ती अर्धापूरची म्हातारी आठवली, आणि ब्रश ठेवून दिला. तुमच्या तोंडावर मी काढलेला डोळा घेऊन मी काय करू.

नवीच लावली. दोन खटके बंद केले. आता वेळ चौपट. लाईट जाईल ही भीती होतीच, पण त्याहून मोठं संकट वर बसलं होतं. आपली माडी फळ्यांची. वर कुणी चाललं की खाली एनलार्जर हलतो, आणि तेवढं हललं की नव्या लेन्सचा काय उपयोग. वर घर भरून माणसं, कुणी पाण्याला उठतंय, कुणी मुलाला घेऊन फिरतंय. तुम्ही असलं काम घर रिकामं असताना करायचात. मला थांबता येत नव्हतं.

मी वर गेले. पुन्हा दारात उभी राहिले. म्हटलं, "मी खालून हाक मारली की कुणी उठू नका, चालू नका. मी पुन्हा सांगेपर्यंत. मामांचा फोटो पाडतेय."

खाली आले, पेपर अंथरला, कडांना वजनं ठेवली, हाक मारली आणि उजेड सोडला. वर एवढी माणसं, पण एक फळी वाजली नाही. लेकरूसुद्धा रडलं नाही. मी तोंडातल्या तोंडात आकडे म्हणत होते, तुम्ही म्हणायचात त्या चालीत. लाईट गेली नाही. पेपर ट्रेमध्ये घातला आणि तुम्ही वर आलात. आधी टोपीचा वळ, मग मिशा, मग डोळे. दोन्ही डोळे, जसे होते तसे. वर सांगायचं मी विसरले. बऱ्याच वेळानं तुमचा लेक पाय न वाजवता जिन्यावर आला आणि हळूच म्हणाला, आता उठावं का लोकांनी?

तेराव्याला फोटो लावला. लोक हात जोडून पुढं जात होते. आत्या मात्र जवळ गेल्या आणि नाक लागेल इतक्या जवळून बघायला लागल्या. त्यांनी उजव्या डोळ्याखाली बोट ठेवलं.

"ह्या डोळ्यानं त्याला दिसत नव्हतं," त्या म्हणाल्या. "मला एकटीला ठाऊक होतं. पोरांना सांगू नको म्हणला, एनलार्जर विकतील." मग फोटोच्या काचेवरून हात फिरवला. "बराबर हाय. हा तोच हाय."

तुमचा लेक मागंच उभा होता. त्यानं ऐकलं. मागच्या दारात जाऊन बसला. मी चहा नेऊन दिला, कडी न वाजवता.

एनलार्जर कुणी विकणार नव्हतं, मामा. हे तुम्हाला सांगायला हवं होतं आणि मी सांगितलं नाही, कारण तुम्ही विचारलं नाहीत. मऊ का टोकदार, ते अजून माझं पक्कं होत नाही. सगळ्यांच्याच बाबतीत मी म्हणते तेच खरं असेल असं आता वाटत नाही. एखाद्या घरी मऊच द्यावा लागेल. जुनी लेन्स फळीवर ठेवली आहे, फडक्यात, बुरशी येऊ नये म्हणून शेजारी तांदळाची पुरचुंडी. परवा एकटीच फोकस करत होते आणि भिंगातून डोळा न काढता म्हटलं, "दिसला, मामा." मग माझीच मला लाज वाटली. पण म्हटलं.

पाहुणे गेल्यावर तुमच्या लेकानं विचारलं, फोटोचे किती झाले? मी म्हटलं, असू द्या, घरचाच आहे. तो म्हणाला, "अण्णांचा नियम हाय. फुकटचा फोटो भिंतीवर राहत न्हाई." गिऱ्हाईक देतं तसे दुकानाच्या बाजूनं काउंटरवर पैसे ठेवले, आणि मी गिऱ्हाइकाकडून घेते तसे घेतले.

आज गटाची बैठक होती. मी शेवटचा हप्ता सुलोचनाबाईंच्या हातात दिला. त्यांनी मोजला, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि विचारलं, आता नीट दिसतंय ना गं? मी हो म्हटलं. सगळे पैसे फिटले, मामा. एक रुपया राहिला नाही.